तूर गावची, डाळ कोणाची?

औसा तालुक्यातल्या कोणत्याही गावातून पौष महिन्यात निघालेली तूर साधारणपणे एकाच वाटेने जाते. शेतकरी ती बडवून, उफणून, पोत्यांत भरून टेम्पोने लातूरच्या बाजार समितीत नेतो. तिथे सौदा होतो, हमाली-तोलाई वजा होऊन हातात विक्रीच्या हिशेबाची पट्टी पडते आणि तूर एखाद्या डाळ मिलमध्ये जाते. तिथे तिची डाळ होते, डाळीला पॉलिश होते, आणि काही महिन्यांनी तीच डाळ प्लास्टिकच्या पिशवीतून त्याच गावच्या किराणा दुकानात येऊन बसते. ज्या बाईने जूनमध्ये चाड्यावर मूठ धरून ती तूर पेरली, ती बाई उन्हाळ्यात अर्धा किलो, पाव किलो अशी डाळ विकत आणते. लातूरच्या डाळीचे नाव देशभर आहे आणि लातूरकर म्हणून मला त्याचा अभिमान आहे. पण हे नाव ज्या शिवारांच्या जिवावर झाले, त्या शिवारांतल्या कितीतरी घरांत आषाढ लागला की वरण पातळ होत जाते, हेही मी लहानपणापासून पाहत आले आहे.

मराठवाड्याबद्दल लिहिताना पाण्याचा विषय आधी येतो आणि यायलाच हवा. लातूरने २०१६ साली मिरजेहून आगगाडीने आलेले पाणी प्यायले आहे. परंतु अन्नाचा विचार करताना सगळे खापर पावसावर फोडले की एक मोठी गोष्ट नजरेआड होते. सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या मुलखात ज्वारी, बाजरी, तूर, मूग, उडीद, हरभरा, करडई, जवस, तीळ आणि कारळ पिढ्यान्‌पिढ्या पिकत आले आहेत. माणसाला पोटभर आणि पौष्टिक जेवायला जे लागते, ते जवळजवळ सगळे या काळ्या मातीत येते. अडचण आहे ती पिकल्यानंतरची. धान्य कुठे ठेवायचे, केव्हा विकायचे, त्याची डाळ किंवा तेल कोणी काढायचे आणि त्याचा भाव कोणी सांगायचा, हे सारे निर्णय गावाच्या वेशीबाहेर होतात. ते निर्णय गावात परत आणायचे असतील तर ते एकेकट्याने जमणारे नाही, एवढेच मला या लेखात नीट मांडायचे आहे.

ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली याबद्दल शेतकऱ्याला बोल लावणारे बरेच लिखाण होते, आणि ते मला पटत नाही. शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, काढणे हे कंबर मोडणारे काम आहे. ताटे उपटायची, पेंढ्या बांधायच्या, कणसे मोडायची, मळणी करायची, आणि दरम्यान पाखरांपासून दाणा राखायचा. पूर्वी घरोघरची माणसे वारंगुळ्याने एकमेकांच्या रानात जात, आता मजूर मिळत नाही आणि मिळाला तर त्याची मजुरी ज्वारीच्या भावाला झेपत नाही. त्याउलट सोयाबीन शंभर-सव्वाशे दिवसांत हातात येते, यंत्राने मळून होते आणि त्याच दिवशी विकून पैसा करता येतो. ज्याच्या डोक्यावर पीककर्ज आहे आणि दिवाळी तोंडावर आली आहे, त्याने दुसरे काय करावे? मात्र सोयाबीन घरात शिजत नाही. २०२५-२६ च्या हंगामासाठी त्याचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर झाला. पण भाव त्याखाली गेला तर ते पीक ताटातही येत नाही आणि खिशातही पुरेसे येत नाही. ज्वारीचा भाव पडला तर निदान भाकरी तरी घरची असायची.

सोयाबीनबरोबर शेतातली मिसळण गेली, आणि ती जाणे मला भाकरी जाण्याइतकेच जड वाटते. ज्वारीत करडईचे पाट, कापसात तुरीचे तास, बांधाला अंबाडी, कडेने तीळ, कुठे चार वेल वाळकाचे, असे शेत असले की घरातल्या बाईला बाजार न करता कालवण सुचत असे. मार्गशीर्ष अमावस्येला, म्हणजे आमच्याकडच्या वेळ अमावस्येला, लातूर-धाराशिवकडची गावे ओस पडतात आणि रानात कडब्याच्या कोपी उभ्या राहतात. त्या दिवसाची भज्जी ही त्या मिसळणीचीच भाजी होय. तिच्यात तुरीचे ओले दाणे, हरभऱ्याचे घाटे, वाल, वाटाणा, मेथी, चुका आणि शिवारात जे हाती लागेल ते पडते, वर हरभऱ्याचे पीठ लावतात, सोबत ज्वारीचे उंडे आणि आंबील असते. ज्याला शेत नाही त्यालाही कोणाच्या तरी कोपीवर आवतण असते. आज त्या भज्जीचे साहित्य लातूरच्या गंजगोलाईच्या बाजारात पिशवी घेऊन विकत आणावे लागते आणि शेतकऱ्याच्या घरातली माणसेही ते आणताना मी पाहते.

तरीही मागचे सगळे चांगले होते असे म्हणायला माझी जीभ वळत नाही. खळ्यावर रास पडली की बलुतेदारांना त्यांचा वाटा मिळे, पण तो वाटा किती असावा हे ठरवणारा आणि तो ओंजळीत घेणारा यांच्यात जातीची भिंत उभी असे. गावात धान्य साठवायची पेवे होती, बळदे होती, पण ती कोणाच्या वाड्यात होती हे विसरून चालणार नाही. दुष्काळी सालात त्याच वाड्यातून सवाई-दिढीने, म्हणजे सव्वापट-दीडपट फेडीच्या बोलीने, धान्य उसने मिळे आणि पुढच्या सुगीत फेडताना माणूस पुन्हा रिकामा होई. १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेतून आलेली मिलो नावाची लाल ज्वारी खाऊन आणि खडी फोडून ज्यांनी दिवस काढले, त्यांत भूमिहीन आणि दलित कुटुंबे सर्वांत पुढे होती. म्हणून आज कोणी ‘गाव स्वयंपूर्ण करू’ म्हटले की माझा पहिला प्रश्न असतो, गाव म्हणजे कोण? सातबारावर नाव असलेले तेवढेच, की गायरानावर घर बांधून राहणारेसुद्धा?

हा प्रश्न ज्यांनी कामातून हाताळला, त्यांत किल्लारीच्या भूकंपानंतर उभे राहिलेले ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेचे काम मला महत्त्वाचे वाटते. ३० सप्टेंबर १९९३ च्या त्या पहाटेनंतर पुनर्वसनात गावोगावच्या बायांना सामील करून घेताना प्रेमा गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे जाळे विणले, त्यातूनच पुढे ‘एक एकर शेती’चा मार्ग निघाला. कुटुंबाच्या जमिनीतला अर्धा-एक एकर बाईच्या ताब्यात द्यायचा, त्यावर काय पेरायचे हे तिने ठरवायचे, आणि तिने आधी घराच्या ताटाचा विचार करून धान्य, कडधान्य, भाजीपाला असे मिसळ पीक घ्यायचे. खते-औषधे शक्य तेवढी घरची वापरायची. या कामाला २०१७ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. पुरस्कारापेक्षा मला त्यातली एक साधी गोष्ट मोठी वाटते. धाराशिव-लातूरकडच्या घरात ‘यंदा या तुकड्यात काय घ्यायचे’ हा प्रश्न नवरा बायकोला विचारू लागला, तर ती मराठवाड्याच्या शेतीत झालेली मोठी उलथापालथ आहे. जमीन बहुतेक ठिकाणी अजून तिच्या नावावर झालेली नाही, आणि ती होईपर्यंत या ताब्याला पक्का पाया नाही, हेही तितकेच खरे.

माझ्या माहेरच्या बाजूला बायकांच्या बचत गटांनी मिळून एक लहान डाळ मिल घातली आहे. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या मिनी डाळ मिलच्या धर्तीचे ते यंत्र आहे, ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीत बसते, आणि वीज असेल तेव्हा चालते. सुट्टीत गेले की मी तिथे बसते. तूर आधी चाळून एकसारखी करतात, यंत्रात घासून तिची साल खरवडतात, तेलाचा किंवा पाण्याचा हात देऊन रात्रभर ढीग झाकून ठेवतात, मग अंगणात ताडपत्रीवर दोन-तीन दिवस ऊन देतात आणि पुन्हा यंत्रात टाकतात. ऊन केव्हा पुरे झाले हे ठरवणारी एक म्हातारी मावशी आहे. ती दाणा दाताखाली धरते, तो ‘कट्’ वाजला तर यंत्र सुरू होते, दबला तर आणखी एक दिवस ऊन. पॉलिश नसल्यामुळे ही डाळ थोडी मळकट दिसते, पण शिजताना तिचा वास चुलीवरच्या घरापासून रस्त्यापर्यंत येतो.

इथे हिशेब समोर ठेवायला हवा, कारण सहकाराच्या गप्पा हिशेबाशिवाय पोकळ असतात. २०२५-२६ साठी तुरीचा हमीभाव ८,००० रुपये क्विंटल जाहीर झाला. क्विंटलमागे ७० किलो डाळ धरली तर नुसता कच्चा मालच किलोला ११४ रुपयांच्या घरात जातो, त्यावर वीज, मजुरी, पोती आणि तूट-फूट. म्हणजे गटाच्या डाळीत घबाड नाही. ती दुकानातल्या डाळीपेक्षा फार स्वस्तही होऊ शकत नाही. मग मिळते काय? साल आणि चुनी, म्हणजे डाळीचा तुटका चुरा, गावातच राहते आणि गटातल्या बायकांच्या म्हशी-शेळ्यांच्या पुढ्यात पडते. भरडाईची मजुरी गावात राहते. आणि सर्वांत मोठे म्हणजे, तूर आल्या दिवशी विकायची घाई संपते. तूर घालणाऱ्या बाईला गट त्या दिवशीच्या बाजारभावाच्या साधारण दोन तृतीयांश रक्कम हातउचल म्हणून देतो. उरलेले डाळ विकल्यानंतर, खर्च वजा जाता, वाटून. भाव चढला तर तो फायदा तिचा, उतरला तर ती तूट एकटीच्या अंगावर न येता सगळ्यांत वाटली जाते.

ही तूट वाटण्याची गोष्ट लिहायला सोपी आहे, करायला फार अवघड. भाव पडला त्या वर्षीच्या बैठकीला मी हजर होते. ज्यांनी जास्त पोती घातली होती त्यांचे म्हणणे, आमचे नुकसान जास्त, तर आमचा आवाज जास्त. ज्यांच्याकडे जमीनच नाही आणि ज्या मिलवर निवडाई-वाळवणीची मजुरी करतात, त्यांचे म्हणणे की आम्हीही भाग भरला आहे, मजुरी कापून तूट भरायची असेल तर आधी आमच्याशी बोला. गटाच्या नियमात प्रत्येक सभासदाला एकच मत आहे, मग तिचे रान किती का असेना. हा नियम कागदावर सहज लिहिला गेला होता; त्या दिवशी तो पाळायची वेळ आली. आवाज चढले, दोघी उठून गेल्या, एकीला सासऱ्याने बोलावून नेले. शेवटी मजुरीला हात न लावता चुनीच्या विक्रीतून आणि राखीव रकमेतून तूट भरली. जमीन असलेल्यांच्या पदरात त्या वर्षी बाजारात विकली असती तर मिळाले असते त्यापेक्षा थोडे कमीच पडले. उठून गेलेल्या दोघींपैकी एक पुढच्या हंगामात परत आली, दुसरी आली नाही. न्याय्य व्यवस्था म्हणजे काय हे मला अनेक भाषणांपेक्षा त्या बैठकीने अधिक शिकवले, आणि दुसरी का आली नाही याचा विचार त्या गटाने अजून पुरेसा केलेला नाही, असेही मला वाटते.

एकत्र येण्याचा मराठवाड्याचा अनुभव सगळा गोड नाही. सहकारी साखर कारखाने उभे राहिले तेव्हा सभासद शेतकरी मालक होता. पुढे किती ठिकाणी तो फक्त ऊस घालणारा उरला आणि कारखान्याचे निर्णय थोड्या घराण्यांच्या हाती गेले, हे इथे कोणाला सांगायला नको. ऊस किती पाणी पितो आणि त्या पाण्यावर किती एकर हरभरा-करडई निघाली असती, हा हिशेबही सहकाराच्या नावाने टाळला गेला. २००२ साली कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन शेतकरी उत्पादक कंपन्यांचा मार्ग खुला झाला, २०२० मध्ये देशभर अशा दहा हजार संस्था उभारण्याची केंद्राची योजना आली. त्यांतल्या काही चांगले काम करत आहेत. पण ज्या कंपनीचा सारा व्यवहार सोयाबीन गोळा करून मोठ्या खरेदीदाराला देण्याचा आहे, ती फार तर एक बरा आडत्या झाली. गावातली आशा कार्यकर्ती, कोतवाल, मजूर, दुकानदार हे सगळे जेवणारे लोक आहेत, आणि त्यांना सामावून न घेणारी संस्था शेतमालाची असेल, अन्नाची नव्हे.

उदगीरहून बिदरमार्गे गेले तर तेलंगणातले झहीराबाद फार लांब नाही. तिथल्या डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीने १९८० च्या दशकापासून दलित आणि गरीब बायकांच्या संघांबरोबर जे केले, ते आपल्या मातीला जवळचे आहे, कारण तीच कोरडवाहू जमीन आणि तीच ज्वारी. पडीक राने पेरणीखाली आणण्यासाठी शेतकऱ्यांना कर्ज द्यायचे, त्याची फेड पैशाऐवजी ज्वारीने काही वर्षांत करून घ्यायची, ती ज्वारी गावातच साठवायची आणि टंचाईच्या महिन्यांत गरीब घरांना स्वस्तात द्यायची, अशी रेशनला समांतर व्यवस्था त्या बायकांनी चालवली. कोणते घर किती गरीब आहे हे ठरवण्यासाठी बाहेरून कोणी यादी आणली नाही. गावातल्या लोकांनी एकत्र बसून ते ठरवले. आपल्याकडे दारिद्र्यरेषेच्या याद्यांवरून गावोगाव जी कुरबुर चालते, ती ऐकलेल्या कोणालाही याचे मोल कळेल.

सरकारच्या ताटातही जागा आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या अनुसूचीत गहू-तांदळाबरोबर भरडधान्याचाही उल्लेख आहे आणि मधल्या काळात काही जिल्ह्यांत रेशनवर ज्वारी मिळालीही. पण आमच्या भागात ती नियमाने येत नाही. अंगणवाडीच्या आहाराबाबत सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००४ मध्ये स्पष्ट सांगितले होते की त्यात ठेकेदार नकोत, धान्य घेण्याचे आणि शिजवण्याचे काम शक्यतो गावसमूह, बचत गट आणि महिला मंडळांना द्यावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. आणि परभणीच्या कृषी विद्यापीठाने इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीकसंशोधन संस्थेच्या सहकार्याने लोह आणि जस्त अधिक असलेला ‘परभणी शक्ती’ हा ज्वारीचा वाण दिलेला आहे. हा वाण गटातल्या बाईने पेरावा, गटाने त्याचे पीठ करावे आणि ते त्याच गावच्या अंगणवाडीत तिच्याच नातवंडांच्या पुढ्यात यावे, यात कल्पनेबाहेरचे काही नाही. आडवी येते ती निविदेची अट. वार्षिक उलाढाल इतकी हवी, अनुभव इतका हवा, अनामत इतकी हवी. अशा अटींत गावचा गट पहिल्याच पानावर गळतो. गावापुरत्या, शाळेपुरत्या लहान पुरवठ्यासाठी या अटी वेगळ्या करणे हा शासनाच्या सहज हातातला निर्णय आहे आणि तो मागणे हे गटांइतकेच आम्हा शहरात राहणाऱ्यांचेही काम आहे.

आम्हा शहरवाल्यांनी आणखीही काही करायला हवे. लातूरमधल्या आमच्या ओळखीतली काही घरे आता गटाला मार्चमध्येच वर्षाच्या डाळीची आणि ज्वारीची अर्धी रक्कम देतात. त्या पैशातून गट हातउचल देतो आणि बँकेच्या दारात कमी वेळा उभा राहतो. सप्टेंबर २०२५ मधल्या अतिवृष्टीने मांजरा, सीना, गोदावरीच्या काठची राने खरवडून नेली, उभी पिके कुजली. त्या वेळी काही घरांनी पैसे परत मागितले, काहींनी ते पुढच्या हंगामात वळते करा असे सांगितले. ज्यांनी मागितले त्यांच्या अडचणी असतील. पण आगाऊ पैसे देणे म्हणजे स्वस्त डाळ राखून ठेवणे नव्हे, पाऊस बिघडला तर त्यातला थोडा भार आपणही उचलणे होय, एवढे आधीच बोलून, लिहून घेतले पाहिजे, आणि यंदा तसे लिहून घेतले आहे.

आता गटापुढे सर्वांत अवघड प्रश्न ऊसतोडीला जाणाऱ्यांचा आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास ही कुटुंबे कारखान्यांकडे निघतात आणि गुढीपाडव्याच्या आसपास परततात. म्हणजे तूर निघते तेव्हा ती गावात नसतात, शाळू निघतो तेव्हाही बहुधा नसतात. गटाने हंगामात धान्य घ्या, साठवा, असे कितीही सांगितले तरी त्यांच्या हातात त्या वेळी ना पैसा असतो ना घर. ती धान्य नेतात ते निघताना, आणि नेमके तेव्हा बाजारात डाळ-ज्वारीचे भाव चढलेले असतात. गटातल्या काहींचे म्हणणे पडले की भाद्रपदात भाव चांगला असतो, शिल्लक विकून टाकू. त्यावर मिलवर निवडाई करणारी, स्वतः पूर्वी कोयता केलेली एक बाई म्हणाली, “ताई, भाव चढला म्हणून सगळं इकून टाकलं, तर दसऱ्याला कोयतेवाल्यांनी संगं काय न्यावं?” बराच वेळ वादावादी होऊन ठरले ते असे : दसऱ्यापर्यंत ठरावीक पोती ज्वारी आणि डाळ हलवायची नाही, जाणाऱ्या प्रत्येक घराला ती हंगामातल्या खरेदीच्या भावाने द्यायची, अर्धे पैसे निघताना, अर्धे पाडव्यानंतर घ्यायचे. उधारी बुडाली तर ती कोणी सोसायची आणि मुकादमाच्या, म्हणजे तोडणीच्या ठेकेदाराच्या, उचलीतून ती परस्पर वळती करायची का, यावर एकमत झाले नाही. वळती करण्याला त्या बाईचा ठाम विरोध आहे, कारण मग हा हिशेबही मुकादमाच्या वहीत जाईल, आणि मला तिचे म्हणणे पटते. पुढची बैठक पोळ्यानंतर आहे.